धुऊन परत दिलेली डबी

"घ्या वैनी. लख्ख करून आणलीया."

अनसाबाई दारातच उभ्या होत्या. हातात धुतलेला रुमाल आणि त्यात गुंडाळलेली डबी. मी स्वयंपाकघरात डाळीचं पाणी गाळत होते. आक्काला नाकातल्या नळीतून तेवढंच चालायचं. त्या दुपारी तिला अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात आणणार होते आणि त्याआधी मला दवाखान्यात पोचायचं होतं.

"बरं झालं वेळेवर आणलीत," मी म्हणाले. "आज आक्काला लागणारच होती. या आत."

"नगं, निघते. एकादशी झकास झाली बघा. आक्काची नवी चाल समद्यांस्नी पाठ झाली. मग म्हटलं, आता आत खरकटं कशाला ठेवायचं? आमच्या सूनबाईकडनं पुसून घेतलं सगळं."

गाळणी माझ्या हातात तशीच राहिली.

"सगळं म्हणजे काय?"

"सगळंच की. लई काय काय भरलं हुतं आत. सूनबाई म्हणाली, समदं पुसू का? म्हटलं, पूस. लोकाचं भांडं परत देताना घासून नको द्यायला?" मग त्या जरा लाजून हसल्या. "आणि मोकळी न्हाई आणली हां. एवढं वळण हाय आम्हाला. आत आमचं एक घातलंय. आक्काला म्हणावं, आईक."

मी डबी हातात घेतली. ती पहिल्याइतकीच जड होती. ते बघून मला उगीच धीर आला, आणि लगेच माझं मलाच कळलं की आवाजाला वजन नसतं.

डबी म्हणजे गाणी वाजवायचा प्लेअर. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, निळ्या पडद्याचा. ही गोष्ट सतरा-अठरा वर्षांपूर्वीची. तेव्हा असले प्लेअर पोरापोरींच्या गळ्यात लटकायचे. आमच्याकडं तो आणला माझ्या सुनेनं, केतकीनं. ती सांगलीला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. कानात घालायची वायर काढून तिनं त्याला एक बारका स्पीकर जोडला होता. त्याचं खरं नाव तिनं दोन-तीनदा समजावून सांगितलं, पण भजनी मंडळाच्या बायकांनी त्याला डबी म्हटलं आणि मग ती डबीच झाली.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, भागीरथी. नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आली ती कायमची. माझे यजमान गेल्यावर घरात वडीलधाऱ्या आम्ही दोघीच राहिलो. मिरजेतल्या आमच्या गल्लीचं भजनी मंडळ तिच्या गळ्यावर चालायचं. अक्षराची ओळख नाही, पण अभंग कितीतरी पाठ, तेही क्रमानं. त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढलं तर जीव वाचेल.

आक्का म्हणाली, "मग राहू दे."

"अगं, जीवाचा प्रश्न आहे."

"बोलता यायचं नाही आणि लिहिता मला येत नाही. मग मी कोण? दावणीची म्हैस? ती तरी हंबरती."

"खुणा करशील की."

"खुणा करून भाकरी मागता येती, मालन. भांडता येतं का?"

आठवडाभर तिनं कुणाचं ऐकलं नाही. माझा मुलगा परगावी नोकरीला. तो फोनवर रडला, तरी नाही. मग एके दिवशी केतकी ही डबी घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, तुमचा आवाज आपण आधीच भरून ठेवला तर? वॉर्डात नुसतं बटण दाबायचं. बोलेल ही, पण बोलणार तुम्हीच."

आक्कानं डबी उलटीपालटी करून बघितली. "हिच्यात मावंल मी?"

"उरून जागा राहील."

दुपारभर आम्ही स्वयंपाकघरात फरशीवर बसलो. उजाडल्यापासून निजेपर्यंत माणसाला काय काय बोलावं लागतं, ते आक्का एकेक बोलत गेली. पाणी दे. कूस बदल. इथं दुखतंय. पंखा बारीक कर. कोण आलंय बघ. प्रत्येक वाक्य वेगळं भरायचं, म्हणजे बटण एकदा दाबलं की पुढचं वाक्य. पडद्यावरची अक्षरं तिला वाचता येणार नव्हती. तिनं तो क्रमच पाठ केला, आरतीची कडवी करावीत तसा. कितव्या दाबाला काय येतं, हे ती ओठांत मोजायची आणि चुकायची नाही.

पहिलंच तेवढं फसलं होतं. त्यात तिनं मला हाक मारली, "मालन, ए मालन, चालू झालं का हे?" आणि मी आले, आणि बंद करायचं बटण दोघींच्याही ध्यानात आलं नाही. आम्ही बोलत बसलो आणि डबी ते घेत राहिली. नंतर केतकी म्हणाली, "असू दे, पहिलं जरा लांबलं. पुढं कापून घेऊ." तेव्हा आक्का ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवायला तयार झाली.

डबीतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं केतकीच्या मनात होतं. पण ऑपरेशनसाठी या म्हणून दवाखान्याचा फोन एक दिवस आधीच आला. रिक्षात बसताना आक्कानं निरोपाला आलेल्या अनसाबाईंच्या हातात डबी ठेवली. "एकादशीला माझी नवी चाल म्हणायची. शेवटाला भरलीय. ऐका आणि बसवा. मी वॉर्डात आले की डबी परत पायजे." केतकी तेव्हा आधीच पुढं जाऊन दवाखान्यात कागदपत्रं करत होती. अतिदक्षता विभागात तसंही काही नेऊ देत नव्हते, म्हणून मी काही बोलले नाही.

आणि आता अनसाबाई दारात उभ्या होत्या, माझ्या चेहऱ्याकडं बघत.

"काय झालं वैनी? मूळ तुमच्याकडं असंलच की. दुधाच्या किटलीतनं तांब्याभर आणल्यावानी आम्ही आणलं हुतं."

"किटली नाही, अनसाबाई. एवढंच होतं."

त्या उंबऱ्यावर बसल्या.

वर्गात असताना केतकीचा मोबाईल बंद असायचा, म्हणून मी तिच्या कॉलेजात फोन लावला. शिपायानं तिला वर्गातून बोलावून आणेपर्यंत मी फोन कानाशी धरून उभी राहिले. मी सांगितलं.

"आई, तुम्ही ती चालू केलीत का?"

"नाही."

"करू नका. एकही बटण दाबू नका. रुमालात गुंडाळा आणि आत्ताच्या आत्ता इकडं घेऊन या."

"मिळेल का गं?"

"त्यांनी आत नवीन काही भरलंय का?"

"एक घातलंय म्हणतात."

"केवढं आहे विचारा."

मी विचारलं. अनसाबाई उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "एकच कडवं. मला धाप लागती."

"या लवकर," केतकी म्हणाली आणि फोन ठेवला.

डाळीचं पाणी शेजारणीकडं दिलं, दवाखान्यात पोचवायला सांगितलं आणि निघाले. अनसाबाई मागं यायला लागल्या.

"तुम्ही कशाला?"

"मी न्हाई घरी बसणार."

मिरजेहून सांगलीला वडापची जीप मिळाली. मागच्या बाकावर आम्ही दोघी, समोर कोंबड्यांची पाटी घेतलेला एक म्हातारा. रस्ता खणलेला होता आणि गाडी दर खड्ड्याला आपटत होती. डबी मी पोटाशी धरली होती. तेवढ्यात समोरची पाटी कलंडली, मी ती सावरायला दोन्ही हात पुढं केले आणि डबी अनसाबाईंच्या ओटीत गेली.

मी वळून बघते तो त्यांनी रुमाल सोडलेला.

"बघू तरी जरा. सूनबाईनं खरंच पुसलं का न्हवं. एखादं ऱ्हायलं असंल..."

त्यांचा अंगठा बटणावर होता. मला एवढंच माहीत होतं की त्यातलं एक बटण दाबलं की ती डबी ऐकायला लागते आणि जे ऐकते ते आत साठवते. ते कुठलं, हे मला आठवत नव्हतं. मी त्यांच्या हातावर चापट मारली. जोरात. म्हातारा चमकून बघायला लागला.

"दाबलं का?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"आईशप्पथ न्हाई." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वैनी, मी काय केलं हो? मी तर चांगलं करायला गेले."

मला त्यांचा राग आला होता आणि त्या रागाला धरायला जागा सापडत नव्हती. शेजारणीकडून ताक आलं तर मी तरी तांब्या घासून, चिमूटभर साखर घालूनच परत देत आले होते.

केतकी कॉलेजच्या फाटकातच उभी होती. तिनं डबी घेतली, आम्हाला कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं आणि दाराला आतून कडी घातली. वायर जोडली. पडद्यावर एकच ओळ दिसली. अनसाबाईंचं कडवं. बाकी सगळं कोरं.

"बघा! पुसलंय," अनसाबाई रडवेल्या झाल्या.

"मावशी, पुसायच्या आधी एक फोन नाही का करायचा?"

"भांडं घासायला कुणी इचारतंय व्हय गं?"

केतकीच्या कपाळावर आठी पडली, पण ती माझ्याकडं वळली आणि वर्गात बोलावं तसं सावकाश बोलली. "आई, घरात आपल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्यात ना? तूरडाळ, रवा, पोहे. समजा कुणी चिठ्ठ्याच काढून टाकल्या. डाळ गेली का?"

"नाही."

"डाळ आतच आहे. फक्त कुठं आहे ते कळत नाही. यानं पुसलं म्हणजे तेवढंच केलं. चिठ्ठ्या काढल्या आणि मनाशी धरलं की सगळे डबे रिकामे. पण मग कुणी नवीन सामान आणलं, तर ते समोर दिसेल त्या डब्यात ओतणार. तिथली डाळ मात्र गेली. ती मग देवालाही काढता येत नाही."

अनसाबाई हळूच म्हणाल्या, "मी साखर वतली गं बाई."

"किती डब्यांत ओतलीत ते बघू."

तिनं कसलंसं काम सुरू केलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी आली आणि मुंगीच्या चालीनं सरकू लागली. मिळेल ते डबीत परत ठेवायचं नाही, आधी कॉम्प्युटरवर उतरवायचं, असं ती म्हणाली. नाहीतर ज्याला शोधतोय त्याच्याच डोक्यावर बसल्यासारखं होईल. आम्ही तिघी त्या पट्टीकडं बघत बसलो. पंखा फिरत होता तरी माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. किती वेळ झाला कुणास ठाऊक, खाली एक ओळ उमटली. मग दुसरी. नावं नव्हती, नुसते आकडे.

केतकीनं त्यातल्या एकीवर बोट ठेवलं.

"पंखा बारीक कर," आक्का म्हणाली.

त्या खोलीत बसल्यासारखी म्हणाली. तशीच, नाकातून जरा, शेवटचं अक्षर तोडून. अनसाबाईंनी दोन्ही हात जोडले आणि कॉम्प्युटरला नमस्कार केला. मी हसले.

ओळी येत गेल्या. काही धड, काही अर्ध्यावर तुटलेल्या. तेवढ्यात केतकीचा मोबाईल वाजला. ती ऐकत राहिली, मग फोन हातानं झाकून म्हणाली, "सिस्टर आहेत. आत्यांना वॉर्डात आणलंय. त्या सारखा हातानं चौकोन काढून दाखवतात. कुणालाच कळत नाहीये. आता गळ्याच्या नळीला हात घालतायत. घरचं कुणी आलं नाही तर हात बांधावे लागतील म्हणतात."

"सांग, येतोय म्हणावं. बांधू नका म्हणावं. तो चौकोन म्हणजे डबी आहे म्हणावं, आणि ती घेऊनच येतोय."

केतकीनं सांगितलं. फोन ठेवून ती पट्टीकडं वळली. "आई, अजून बरंच बाकी आहे. आत्ता उठलो तर आहे तेवढंच हाती. थांबलो तर..."

थांबायचं की उठायचं? आक्का तिथं खाटेवर चौकोन काढत होती. वॉर्डात आल्या आल्या डबी हातात देईन, असा मी तिला शब्द दिला होता. पण अर्धवट डबी तिच्या हातात दिली असती, तर तिनं पाणी म्हणून बटण दाबलं असतं आणि भलतंच काही वाजलं असतं. तसं झालं तर ती ती डबी फेकून देईल आणि पुन्हा हातात घेणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी तिच्यासोबत चाळीस वर्षं राहिले होते.

"थांब," मी म्हणाले.

पट्टी भरली. आता प्रश्न निराळाच. केतकी म्हणाली, "ही डबी ज्या क्रमानं आत टाकू त्याच क्रमानं वाजवते. मूळचा क्रम गेलाय. आत्यांना तो पाठ आहे, आपल्याला नाही."

"मला आहे," मी म्हणाले. "मी तिथंच बसले होते."

केतकीनं माझ्याकडं जरा संशयानं बघितलं. रोज चष्मा कुठं ठेवला ते तिला विचारणारी सासू. पण चष्मा वेगळा आणि ते वेगळं. मी डोळे मिटले आणि ती दुपार पहिल्यापासून धरली. आक्का भिंतीला टेकलेली, एक पाय पसरलेला. आधी सकाळ. तोंड धुणं. औषध. मग आलं-गेलं माणूस, मग जेवण. पंख्याच्या आधी खिडकी, कारण पंख्याचं तिला खिडकी म्हणताना सुचलं होतं. मी सांगत गेले, केतकी एकेक ऐकवून आत टाकत गेली. एका ठिकाणी मी अडले. दोन वाक्यांत आधी कुठलं, काही केल्या आठवेना.

"अंदाजानं टाकू?"

"नको, थांब." मी परत मागं गेले. दोन वाक्यं मागं, मग पुढं. मधे दारावर भाजीवाली आली होती. ती आल्यावर आक्का चिडली होती. "हे आधी. चिडून बोललेलं नंतर."

अनसाबाई माझ्या तोंडाकडं बघत बसल्या होत्या. आक्काच्या नव्या चालीचा अभंग शेवटाला आला आणि संपलं.

राहिली ती पहिली जागा. अनसाबाईंची साखर नेमकी तिथं ओतली गेली होती. केतकीनं खूप शोधलं. एका तुकड्यात नुसती खरखर लागली, त्यानंतर थेट अनसाबाईंचं गाणं. पुढच्या दोन वाक्यांचीही सुरुवात गेली होती; ती तिनं तशीच टाकली.

"पहिलं नाही मिळणार, आई. तुम्हाला मारलेली हाक होती ना त्यात?"

"हो."

"तेवढंच ना? हाक काय, दुसऱ्या कुठल्या वाक्यानंही..."

"तेवढंच," मी म्हणाले.

तेवढंच नव्हतं. ते दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं आणि आता कुणी ऐकणारही नव्हतं. त्या दुपारी हाक ऐकून मी तिच्यापाशी जाऊन बसले, तेव्हा मी चिडून म्हणाले होते, "कशाला ही सोंगं करतेस? तुला कापून घ्यायचंच नाही तर सरळ सांग." आक्का हसली होती. मग म्हणाली होती, "मला कुठं घ्यायचंय? मी ज्या वयात जायचं त्या वयात जाईन. पण तू मागं राहशील, मालन. सून कॉलेजात, ल्योक परगावी. दिवसभर तू कुणाशी भांडशील? म्हणून घेते कापून. तुझ्यासाठी घेते. आणि हे पुन्हा मला बोलायला लावू नको." आणि मी म्हणाले होते, "बरं." एवढंच. मग डबीचा दिवा बघून आम्ही दोघी दचकलो होतो.

"पहिल्या जागी काय ठेवू?" केतकी विचारत होती. "काहीच ठेवलं नाही तर सगळा क्रम एकानं सरकेल."

"माझं तेवढं पुसून टाक पोरी," अनसाबाई म्हणाल्या. "तिथं कोरं काही घाल. माझं गाणं नको मला तिला ऐकवायला."

"नाही," मी म्हणाले. "ते तिथंच राहू दे."

दवाखान्यात पोचलो तेव्हा भेटायची वेळ संपत आली होती. आक्काच्या खाटेभोवती हिरवा पडदा अर्धा ओढलेला. हात बांधलेले नव्हते, पण सिस्टरनं एक मनगट धरून ठेवलं होतं. गळ्यावर पांढरी पट्टी, मधोमध नळी. आक्का एवढीशी दिसत होती. मला बघितल्यावर तिनं मोकळ्या हातानं पुन्हा तो चौकोन काढला, आणि असा काढला की मला तिची शिवीच ऐकू आली.

"आणलीय," मी म्हणाले आणि तिच्या हातात डबी दिली.

अनसाबाई पडद्याच्या पलीकडं थांबल्या होत्या. त्यांची चप्पल तेवढी खालून दिसत होती.

आक्कानं डबी छातीवर ठेवली, अंगठ्यानं चाचपून बटण शोधलं, माझ्याकडं बघितलं आणि पहिला दाब दिला. तिला हाक मारायची होती. मी समोर होते तरी मारायची होती, ते मला दिसत होतं.

डबीतून पेटीचा सूर आला. मग अनसाबाई, आणि त्यांच्या मागं सगळं मंडळ, आक्काच्याच चालीत.

आक्काचा अंगठा थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं परत बघितलं. ते गेलं का, असं. मी म्हणाले, "गेलं. चुकून पुसलं. तेवढंच गेलं, बाकी सगळं आहे."

ती छताकडं बघत राहिली. मला वाटलं, आता फेकते. पडद्याखालची चप्पल एक पाऊल मागं सरकली. गाणं चालूच होतं. बायका दुसऱ्या ओळीवर आल्या, तिथं सूर वर जायचा तो कुणाचाच गेला नाही. सगळ्याजणी एकदम घसरल्या आणि कुणीतरी खोकललं.

आक्काची भुवई चढली.

तिनं बंद करायचं बटण दाबून गाणं थांबवलं. मग पडद्याकडं बोट केलं.

"या आत, अनसाबाई," मी म्हणाले.

त्या आल्या त्या पदरानं तोंड झाकूनच. "आक्का, मला मार, पण..." आक्कानं हात वर केला. गप. तिनं गाणं पहिल्यापासून लावलं, दुसऱ्या ओळीपाशी थांबवलं आणि अनसाबाईंकडं हनुवटी उडवली. म्हण.

"आत्ता? हितं?"

म्हण.

अनसाबाईंनी ओळ धरली. रडक्या आवाजात, आणि नेमकी तिथंच घसरली. आक्कानं खाटेच्या लोखंडी दांडीवर थाप मारली. तळहात वर नेला, अजून वर, तिथंच धरून ठेवला आणि मग हळूहळू खाली आणला. अनसाबाईंनी परत धरलं. परत थाप. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. तिसऱ्यांदा सूर वर गेला, थरथरत, पण गेला. आक्काचा तळहात त्याच्याबरोबर वर गेला आणि हवेतच थांबला.

सिस्टर आत आली. "आजी, बास आता. वेळ संपली. निघा हो सगळ्या."

आक्कानं तिच्याकडं वळूनही बघितलं नाही. तिचे ओठ मोजत होते. अंगठा भराभर दाबत गेला आणि एका जागी थांबला.

"जरा थांब की गं," आक्काचा आवाज वॉर्डभर घुमला, "मरतीस का घाईनं?"

सिस्टर जागच्या जागी उभी राहिली. तिनं आक्काच्या बंद ओठांकडं बघितलं, मग डबीकडं. शेजारच्या खाटेवरची बाई खुदकन हसली. केतकीनं माझा दंड घट्ट धरला होता.

आक्कानं अनसाबाईंकडं बोट केलं आणि मनगट गोल फिरवलं. पुन्हा, पहिल्यापासून. अनसाबाईंनी डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि गायला लागल्या.